खात्यात पैसे आहेत, पण वापरता येत नाहीत: कार्डाचे पेंडिंग व्यवहार असताना खातं कसं सांभाळायचं

खात्यात १०,००० दिसत असतात आणि ४,००० च्या खरेदीला कार्ड नाकारलं जातं. नवीन खातेदार अशा वेळी गोंधळतो, कारण मशीन बरोबर, पिन बरोबर आणि शिल्लकही पुरेशी दिसत असते. बहुतेक वेळा कारण एकच असतं. आधीच्या एखाद्या व्यवहारासाठी बँकेनं काही रक्कम राखून ठेवलेली असते. ती खात्यातून अजून गेलेली नसते, पण खर्चायला मोकळीही नसते. अशा व्यवहाराला पेंडिंग म्हणतात आणि राखून ठेवलेल्या रकमेला होल्ड.

एकच आकडा बघून खर्च करण्याची सवय मोडली की निम्मी डोकेदुखी संपते. बँक दाखवते तो कुठलाही एक आकडा तुमची खरी मोकळी रक्कम सांगत नाही. ती तुम्हालाच काढावी लागते. ती कशी काढायची, होल्ड कुठे मोठे लागतात आणि अडकलेली रक्कम सोडवायची कशी, ते खाली क्रमानं दिलं आहे. उदाहरणांतले आकडे सोयीसाठी घेतले आहेत, चलन कोणतंही धरा.

कार्ड लावल्यावर नेमकं काय होतं

आपल्याला एकच घटना दिसते: कार्ड लावलं, मशीन वाजलं, पावती आली. प्रत्यक्षात बहुतेक खरेदींत दोन वेगळे टप्पे असतात आणि त्यांत काही तासांपासून काही दिवसांपर्यंतचं अंतर असतं.

पहिला टप्पा मंजुरीचा. दुकानाचं मशीन दुकानदाराच्या बँकेमार्फत आणि कार्ड नेटवर्कमार्फत (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) तुमच्या बँकेला विचारतं, "एवढी रक्कम देता येईल का?" हे संदेश आयएसओ ८५८३ या आंतरराष्ट्रीय मानकावर बांधलेले असतात. त्यात विनंतीच्या संदेशाचा क्रमांक ०१०० आणि उत्तराचा ०११०. उत्तरात दोन अंकी कोड येतो: ०० म्हणजे मंजूर, ५१ म्हणजे शिल्लक अपुरी, १० म्हणजे मागितल्यापेक्षा कमी रकमेला मंजुरी. मंजुरी मिळाली की सहा अक्षरी मंजुरी क्रमांक तयार होतो आणि तो बहुतेक वेळा पावतीवर छापलेला असतो. हा क्रमांक जपून ठेवा, पुढे रक्कम अडकली तर तोच कामाला येतो. या क्षणी पैसे कुठेही गेलेले नसतात. बँकेनं फक्त तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवलेली असते.

दुसरा टप्पा वसुलीचा. दुकानदार दिवसअखेर मशीनमधली बॅच बंद करतो. दिवसभराचे मंजूर व्यवहार त्याच्या बँकेकडे जातात, तिथून नेटवर्ककडे आणि शेवटी तुमच्या बँकेकडे. तुमची बँक ही नोंद आधीच्या होल्डशी जुळवते, होल्ड काढते आणि खात्यात खरी वजावट टाकते. याला व्यवहार पोस्ट होणं म्हणतात. दुकानदारानं बॅच उशिरा पाठवली किंवा मध्ये सुट्टी आली, तर तेवढे दिवस व्यवहार पेंडिंगच राहतो.

एटीएममधून रोख काढताना मात्र बहुधा मंजुरी आणि वसुली एकाच संदेशात होते, त्यामुळे तो व्यवहार सहसा लगेच पोस्ट होतो. पिन टाकून केलेल्या काही खरेदीही अशाच एकेरी पद्धतीनं जातात. एकाच कार्डाचे दोन व्यवहार वेगवेगळ्या गतीनं का पोस्ट होतात, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

दोन शिल्लकी, दोन अर्थ

बँकेच्या अॅपमध्ये साधारण दोन आकडे असतात. एक लेजर शिल्लक, म्हणजे पोस्ट झालेल्या नोंदींचा हिशेब. दुसरी उपलब्ध शिल्लक, म्हणजे लेजर शिल्लकीतून होल्ड आणि तुम्ही जमा केलेल्या पण अजून न वटलेल्या चेकची रक्कम वजा करून उरलेला आकडा. बरीच अॅप्स पहिल्या पानावर यातला एकच आकडा ठळक दाखवतात. तो कोणता, हे पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. शंका असेल तर एक छोटी खरेदी करून लगेच अॅप उघडा. जो आकडा लगेच कमी झाला तो उपलब्ध, जो तसाच राहिला तो लेजर.

उपलब्ध शिल्लक वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. काही बँका मंजूर ओव्हरड्राफ्टची (शिल्लक संपल्यावर बँक देते त्या उधारीची) मर्यादाही त्यात मिळवून दाखवतात. म्हणजे तुमचे ६,००० आणि ओव्हरड्राफ्टचे ५,००० मिळून ११,००० दिसतात, आणि त्यातले ५,००० वापरले की व्याज सुरू होतं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: तुम्ही दिलेले पण अजून बँकेपर्यंत न पोचलेले चेक, पुढच्या तारखेचे हप्ते, वर्गण्यांच्या स्वयंचलित वजावटी यांची उपलब्ध शिल्लकीला खबरच नसते. होल्ड लागतो तो मंजुरी मागितल्यावर, आणि या रकमांची मंजुरी अजून कुणी मागितलेलीच नसते.

म्हणून तिसरा आकडा तुमचा तुम्ही काढायचा: उपलब्ध शिल्लक, वजा ओव्हरड्राफ्टची मर्यादा, वजा दिलेले चेक, वजा पुढच्या पगारापर्यंतच्या ठरलेल्या वजावटी. उरली ती मोकळी रक्कम. खर्चाचा निर्णय घ्यायचा तो याच आकड्यावर.

होल्ड बिलापेक्षा मोठा कुठे लागतो

साध्या दुकानात होल्ड आणि बिल सारखंच असतं, तिथे फारसा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो जिथे अंतिम रक्कम आधी माहीत नसते तिथे.

स्वयंचलित पेट्रोल पंप. कार्ड आधी लावायचं आणि इंधन नंतर भरायचं, असा क्रम असतो. पंपाला तुम्ही किती भराल हे माहीत नसतं, म्हणून तो एक ठरावीक मोठी रक्कम मंजूर करून घेतो. काही ठिकाणी उलट होतं: चलनाच्या केवळ १ एककाची मंजुरी घेतली जाते आणि खरी रक्कम पोस्ट होताना उतरते. पहिल्या प्रकारात पैसे विनाकारण अडकतात. दुसऱ्या प्रकारात शिल्लक होती त्यापेक्षा जास्त दिसते आणि माणूस बेसावध राहतो. खात्यात रक्कम कमी असेल तर बँक १० हा कोड देऊन अंशतः मंजुरी देऊ शकते, आणि मग पंप तेवढ्यावरच थांबतो. हे सगळं टाळायचं असेल तर आत जाऊन, रक्कम सांगून, आधी पैसे भरा.

हॉटेल. चेक-इनला खोलीचं सगळ्या रात्रींचं भाडं आणि वर किरकोळ खर्चासाठी अनामत, अशा एकत्र रकमेचा होल्ड लागतो. मुक्काम वाढवला किंवा खोलीच्या खात्यावर खर्च वाढला तर हॉटेल वाढीव मंजुरी घेतं आणि होल्ड फुगत जातो. भाड्याच्या गाडीचंही असंच, फक्त अनामत बहुधा आणखी मोठी असते. या दोन ठिकाणच्या मंजुऱ्या नेटवर्कच्या नियमांनुसार ३० दिवसांपर्यंत चालू राहू शकतात, तर साध्या खरेदीची मुदत बहुधा आठवडाभराची असते. तुमची बँक त्याआधी होल्ड सोडेल किंवा सोडणार नाही, ते तिच्या धोरणावर अवलंबून. डेबिट कार्डावर हॉटेल किंवा गाडी घेताना हा कालावधी डोळ्यांसमोर ठेवावा.

ऑनलाइन खरेदी. एकाच ऑर्डरमधल्या तीन वस्तू तीन गोदामांतून निघाल्या, तर विक्रेता ऑर्डर देताना पूर्ण रकमेची मंजुरी घेतो आणि वस्तू निघेल तसतशी वसुली करतो. मग एक मोठा पेंडिंग आणि त्याच्याच जोडीला छोट्या पोस्ट झालेल्या नोंदी, असं चित्र काही दिवस दिसतं. वस्तू निघायला उशीर झाला तर जुनी मंजुरी संपून नवी घेतली जाते, आणि बँकेनं जुना होल्ड काढला नसेल तर एकाच ऑर्डरसाठी दुप्पट रक्कम अडकते.

परकीय चलनातली खरेदी. मंजुरीच्या वेळचा दर आणि पोस्ट होतानाचा दर वेगळा असू शकतो, आणि परकीय व्यवहाराचं शुल्क कित्येक बँका पोस्ट होतानाच जोडतात. पेंडिंग आकड्यावर ५ टक्के वाढवून धरा. आमच्या मते एवढी वाढ सहसा पुरते.

जिथे टिप कार्डावरच नंतर जोडली जाते तिथे पोस्ट होणारी रक्कम होल्डपेक्षा जास्त असते, हेही लक्षात असू द्या. मोफत चाचणीची वर्गणी सुरू करताना दिसणारी शून्याची किंवा अगदी किरकोळ रकमेची नोंद ही फक्त कार्ड चालू आहे की नाही याची तपासणी असते. ती आपोआप गळून पडते.

एका आठवड्याचा हिशेब, जवळून

समजा सोमवारी सकाळी लेजर शिल्लक २०,०००, पेंडिंग काही नाही. शुक्रवारी ९,००० चा कर्जाचा हप्ता वळता होणार आहे.

सोमवार: दुकानात १,८५० ची खरेदी. लेजर २०,०००, उपलब्ध १८,१५०.

मंगळवार: पंपावर २,००० चा होल्ड, प्रत्यक्षात इंधन ७६० चं. लेजर २०,०००, उपलब्ध १६,१५०.

बुधवार: दुकानाची खरेदी पोस्ट झाली. लेजर १८,१५०, उपलब्ध मात्र १६,१५० वरच. ही गोष्ट नीट पाहून ठेवा. पोस्ट झाल्यानं उपलब्ध शिल्लक पुन्हा कमी होत नाही, कारण तेवढी रक्कम आधीच वजा झालेली असते. त्याच संध्याकाळी हॉटेलात दोन रात्रींचे ६,००० आणि अनामत १,५०० मिळून ७,५०० चा होल्ड लागला. उपलब्ध ८,६५०.

गुरुवार रात्र: अॅपवर लेजर १८,१५० दिसते. हप्ता ९,००० चा. वरवर पाहता निम्मी रक्कम उरेल असं वाटतं. पण हप्ता वळता करताना बहुतेक बँका उपलब्ध शिल्लक पाहतात आणि ती ८,६५० आहे. म्हणजे ३५० कमी. पंपाची ७६० ची नोंद रात्रीत पोस्ट झाली तर २,००० चा होल्ड जाईल, लेजर १७,३९० होईल, उपलब्ध ९,८९० आणि हप्ता निघून जाईल. नोंद एक दिवस उशिरा आली तर हप्ता परत जाईल आणि बँकेचा व कर्ज देणाऱ्याचा असा दोन्हीकडून दंड बसेल. पंपचालक बॅच कधी पाठवतो यावर तुमचा हप्ता टांगणीला लावू नका. गुरुवारीच दुसऱ्या खात्यातून १,००० आणून ठेवले असते तर प्रश्नच उरला नसता.

पुढे काय होतं तेही पाहू. पंपाची नोंद वेळेत आली, हप्ता गेला, लेजर ८,३९०. हॉटेल सोडताना अंतिम बिल ६,४८० चं झालं आणि शनिवारी पोस्ट झालं. लेजर १,९१०. पण हॉटेलनं अंतिम रक्कम आधीच्या मंजुरीशी जोडून पाठवली नाही, वेगळा नवा व्यवहार केला. बँकेला दोन्हींचा संबंध कळला नाही, म्हणून ७,५०० चा जुना होल्ड तसाच राहिला. उपलब्ध शिल्लक आता १,९१० वजा ७,५००, म्हणजे उणे ५,५९०. खातेदारानं एक पैसाही जास्त खर्च केलेला नाही, तरी आता कार्ड कुठेच चालणार नाही. एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले, अशी तक्रार असते ती बहुधा याच प्रकाराची. खरं तर पैसे एकदाच गेलेले असतात आणि दुसऱ्यांदा अडकलेले असतात. ते सोडवण्याचा मार्ग वेगळा आहे. त्याकडे पुढे येऊ.

रोजची पद्धत

१. फोनमध्ये किंवा वहीत पाच रकाने करा: तारीख, कुठे, होल्डची रक्कम, खरी रक्कम, पोस्ट झाल्याची तारीख. प्रत्येक कार्ड व्यवहार त्याच दिवशी लिहा. होल्ड आणि खरी रक्कम वेगळी असेल तर दोन्ही लिहा. होल्ड आहे तोवर हिशेबात मोठा आकडा धरायचा.

२. कार्डाच्या प्रत्येक व्यवहाराची सूचना फोनवर येईल असं बँकेत लावून घ्या. सूचना मंजुरीच्या वेळी येते, पोस्ट होताना दुसऱ्यांदा येईलच असं नाही. त्यामुळे सूचनांची बेरीज म्हणजे खातेउतारा, असं समजू नका.

३. आठवड्यातून दोनदा वही आणि अॅप यांचा मेळ घाला. पोस्ट झालेल्या ओळीवर खूण करा. पाच दिवस उलटूनही पेंडिंग असलेली साधी खरेदी दिसली तर ती वेगळ्या रंगात लिहा.

४. होल्ड गेला पण पोस्ट झालेली नोंद आली नाही, तर रक्कम खर्चू नका. नवखे खातेदार सगळ्यात जास्त इथेच अडकतात. मुदत संपली म्हणून बँकेनं होल्ड सोडला, उपलब्ध शिल्लक वाढली, आणि दुकानदाराची बॅच त्यानंतर आली. अशी उशिरा आलेली वसुली बँक बऱ्याचदा शिल्लक पुरेशी नसली तरी टाकते आणि खातं उणे जातं. तुम्ही वस्तू घेतली आहे आणि पैसे पोस्ट झालेले नाहीत, तोवर ती रक्कम तुमची नाही. वहीतली ओळ मोकळी ठेवा आणि निदान महिनाभर ती रक्कम बाजूला धरा.

५. ठरलेल्या वजावटींच्या आदल्या कामकाजाच्या दिवशी उपलब्ध शिल्लक पाहा. वजावटी बऱ्याच बँकांत पहाटेच्या प्रक्रियेत होतात, त्यामुळे त्याच दिवशी सकाळी उठून पैसे भरणं उशिराचं ठरू शकतं. सुट्टीला लागून तारीख आली तर दोन दिवस आधी पाहा.

खात्यांची रचना

शिस्तीपेक्षा रचना जास्त टिकते, असं आमचं ठाम मत आहे. रोज वही लिहिणं एखाद्या दिवशी राहतं, पण खाती एकदा नीट वेगळी केली की चूक झाली तरी तिचा फटका मर्यादित राहतो.

हप्ते, भाडं, विमा यांच्या वजावटी एका खात्यावर लावा आणि त्या खात्याचं डेबिट कार्ड दुकानात काढूच नका. बँकेच्या अॅपमध्ये त्या कार्डाची दुकानातली आणि ऑनलाइन वापराची सोय बंद करता येत असेल तर करून टाका. खर्चासाठी दुसरं खातं ठेवा. पगार आला की ठरलेल्या वजावटींची बेरीज आणि वर थोडी रक्कम पहिल्या खात्यात, बाकी दुसऱ्यात. होल्ड लागले तर ते खर्चाच्या खात्यावर लागतील आणि हप्त्याला हात लागणार नाही. मात्र दोन्ही खाती एकाच बँकेत असतील तर एक उणे गेल्यावर दुसऱ्यातून रक्कम वळती करण्याची सोय तुमच्या नावावर चालू आहे का, ते विचारून घ्या. ती चालू असेल तर वेगळेपणाचा अर्थच उरत नाही.

हॉटेल, भाड्याची गाडी, स्वयंचलित पंप या तीन जागांसाठी क्रेडिट कार्ड असेल तर तेच वापरा. तिथला होल्ड उधारीच्या मर्यादेवर बसतो, तुमच्या रोख शिल्लकीवर नाही. होल्डवर व्याजही लागत नाही, कारण तो पोस्ट झालेला नसतो. पण मर्यादा तेवढ्यापुरती कमी होते, हे विसरू नका. प्रवासाला निघण्यापूर्वी मर्यादेचा किती भाग अनामतीत जाईल याचा अंदाज काढा. एक बारकावा: चेक-इनला दिलेलं कार्ड आणि अंतिम बिलाचं कार्ड वेगळं असलं तर पहिल्या कार्डावरचा होल्ड अडकून राहण्याचा धोका वाढतो. शक्यतो त्याच कार्डावर बिल मिटवा. वेगळ्या कार्डानं द्यायचंच असेल, तर काउंटरवर असतानाच पहिल्या मंजुरीचं रिव्हर्सल, म्हणजे ती सोडण्याचा संदेश, पाठवायला सांगा.

खर्चाच्या खात्यात किती रक्कम कायम राखून ठेवावी? तुमच्या सवयीतला सगळ्यात मोठा होल्ड किती लागतो ते वहीतून काढा आणि तेवढी ठेवा. ठोकळ टक्केवारीपेक्षा हा आकडा खरा असतो.

अडकलेली रक्कम सोडवायची कशी

आधी ओळखा की अडचण तीनपैकी कोणती आहे. व्यवहार रद्द झाला आणि होल्ड राहिला. अंतिम रक्कम पोस्ट झाली तरी जुना होल्ड राहिला. किंवा व्यवहार तुमचा नाहीच.

पहिल्या दोन प्रकारांत सुरुवात दुकानदारापासून करा. पुष्कळ जण आधी बँकेला फोन लावतात आणि तिथून "दुकानदाराशी बोला" हेच उत्तर येतं. कारण मंजुरी दुकानदारानं घेतलेली आहे आणि ती सोडण्याचा संदेशही त्याच्याच बाजूनं यायचा असतो. या संदेशाला रिव्हर्सल म्हणतात, मानकात त्याचा क्रमांक ०४००. फोनवर पैसे परत करा असं म्हणू नका, त्यातून घोळ होतो. स्पष्ट सांगा: "अमुक तारखेची, अमुक रकमेची मंजुरी वापरायची नाही, तिचं रिव्हर्सल पाठवा." सोबत मंजुरी क्रमांक आणि कार्डाचे शेवटचे चार अंक द्या. पूर्ण कार्ड क्रमांक, पिन किंवा ओटीपी कुणालाही द्यायचा नाही, आणि या कामासाठी त्याची गरजही नसते.

दुकानदार रिव्हर्सल पाठवू शकत नाही म्हणाला, तर त्याच्याकडून दोन ओळींचा ईमेल घ्या की या मंजुरी क्रमांकावर वसुली केली जाणार नाही. तो बँकेकडे द्या आणि होल्ड हातानं काढण्याची विनंती करा. लेखी खात्री असेल तर काही बँका हे करतात. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे बिल पोस्ट होऊनही होल्ड उरला असेल तेव्हा, बँकेला दोन्ही नोंदी शेजारी शेजारी दाखवा: होल्डची तारीख व रक्कम, पोस्ट झालेली तारीख व रक्कम, आणि हॉटेलचं अंतिम बिल. नाव तेच, मुक्काम तोच, हे बिलावरून सिद्ध झालं की काम बरंच सोपं होतं. फोन केल्याची तारीख आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा.

इथे एक फरक पक्का डोक्यात बसवा. व्यवहार पोस्ट होण्याआधी रद्द केला तर तो व्हॉइड: होल्ड सुटतो आणि खातेउताऱ्यावर काहीच उरत नाही. पोस्ट झाल्यावर पैसे परत दिले तर तो रिफंड: तो स्वतंत्र व्यवहार असतो, उलट दिशेनं त्याच वाटेनं येतो आणि त्याला काही कामकाजाचे दिवस लागतात. काउंटरवर असतानाच चूक लक्षात आली तर बॅच बंद होण्याआधी व्हॉइड करून घ्या. रिफंड रेंगाळला तर दुकानदाराकडे त्याचा एआरएन मागा. हा २३ अंकी क्रमांक असतो आणि त्यावरून तुमची बँक रिफंड नेमका कुठे पोचला ते शोधू शकते. "आम्ही पाठवला" आणि "आम्हाला आला नाही" हा वाद या एका क्रमांकानं मिटतो.

पेंडिंग व्यवहारावर औपचारिक वादाची तक्रार, म्हणजे चार्जबॅक, सहसा करता येत नाही, कारण वसुली अजून झालेलीच नसते. पोस्ट होईपर्यंत थांबावं लागतं. तिसऱ्या प्रकारात मात्र अजिबात थांबू नका. व्यवहार तुमचा नसेल तर तो पेंडिंग असतानाच कार्ड बंद करा आणि बँकेला कळवा. कार्ड बंद केल्यानं नव्या मंजुऱ्या थांबतात, पण आधी दिलेली मंजुरी पोस्ट होऊ शकते. ती झाली की लगेच तक्रार नोंदवा आणि कार्ड बंद केल्याची वेळ त्यात लिहा.

पेंडिंग ओळ दिसते आहे म्हणून तोच व्यवहार पुन्हा करू नका, हेही महत्त्वाचं. ऑनलाइन पैसे भरताना पान अडकलं, ऑर्डर झाली नाही असं वाटलं, आणि तीनदा प्रयत्न केला, तर तीन होल्ड लागू शकतात. आधी अॅपमध्ये पाहा. होल्ड लागला असेल तर विक्रेत्याकडे ऑर्डर नोंदली आहे का ते विचारा आणि मगच दुसरा प्रयत्न करा.

रक्कम अडकली आहे आणि आज पैसे हवेत

प्राधान्य ठरवा. जी वजावट चुकली तर दंड आणि कर्जाच्या नोंदीवर डाग दोन्ही बसतील, तिच्यासाठी आधी सोय करा. दुसऱ्या खात्यातून तात्काळ हस्तांतरण करा. ते शक्य नसेल तर कर्ज देणाऱ्याला वजावटीच्या आधी फोन करून एक-दोन दिवसांनी रक्कम घेता येईल का विचारा. आधी विचारलं तर मार्ग निघण्याची शक्यता असते, हप्ता परत गेल्यावर ती फार कमी उरते. होल्डमुळे दंड बसलाच, तर दंड माफ करण्याची लेखी विनंती बँकेकडे करा आणि जुना होल्ड बिल पोस्ट झाल्यानंतरही कसा राहिला हे तारखांसह दाखवा. तुमचा हिशेब स्वच्छ असेल तर ही विनंती मान्य होण्याची चांगली शक्यता असते.

खातं किंवा कार्ड बंद करायचं असेल तर सगळे पेंडिंग व्यवहार पोस्ट होईपर्यंत आणि येणारे रिफंड जमा होईपर्यंत थांबा. बंद खात्यावर आलेला रिफंड बँकेच्या आतल्या खात्यात पडून राहू शकतो आणि तो मिळवायला वेगळा अर्ज, ओळखपत्र आणि परत तोच एआरएन लागू शकतो. हॉटेलची किंवा गाडीची अनामत शेवटच्या महिन्यात दिली असेल तर ३० दिवस मोजा आणि मगच बँकेत बंद करण्याचा अर्ज द्या.